महादेव गोविंद रानडे (शैक्षणिक कार्य)

महादेव गोविंद रानडे (१८ जानेवारी १८४२ – १६ जानेवारी १९०१) हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, समाजसुधारक, अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि इतिहासकार होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत आणि पहिल्या बी.ए. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांत त्यांचा समावेश होता. इंग्रजी शिकत असतानाच इतर विषयांतील आपले ज्ञानही त्याच भाषेतून सिद्ध करून दाखवण्याची वेळ ज्या पिढीवर प्रथम आली, त्या पिढीचे ते प्रतिनिधी होत. पुढे विद्यापीठाच्या कारभारात शिरल्यावर, परीक्षांतून वगळल्या गेलेल्या मराठी व इतर देशी भाषांना पुन्हा स्थान मिळावे यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. त्यांच्या सार्वजनिक जीवनातील अर्थशास्त्र, समाजसुधारणा व राजकारण या बाजूंच्या मानाने ही बाजू कमी परिचित आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा विचार मुख्यतः याच अंगाने केला आहे.

बालपण व प्रारंभिक शिक्षण

रानडे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. त्यांच्या आईचे नाव गोपिकाबाई. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत कारकून होते व पुढे ते कोल्हापूर संस्थानाच्या सेवेत गेले. त्यामुळे रानडे यांचे बालपण कोल्हापुरात गेले. लहानपणी ते अबोल आणि दिसण्यात मंद होते. हा मुलगा पुढे चार पैसे तरी मिळवील की नाही, अशी काळजी आईला वाटत असे, असे त्यांच्या बहुतेक सर्व चरित्रांत नमूद आहे. पुढील आयुष्यातील त्यांची कर्तबगारी पाहता ही हकीकत गमतीची वाटते. परंतु न बोलणाऱ्या मुलाला काय येते हे ओळखण्याचे साधन घरात किंवा शाळेत नसले, तर त्याच्याविषयी कसा ग्रह होतो, हेही तीतून दिसते.

कोल्हापुरात त्यांचे शिक्षण आधी मराठी शाळेत आणि नंतर तेथीलच इंग्रजी शाळेत झाले. अंकगणित, मोडी वाचन, हिशेब आणि पाठांतर हा मराठी शाळेचा पाया त्यांना मिळाला होता. पुढे थोरले माधवराव पेशवे या नाटकाचे कर्ते म्हणून प्रसिद्धीस आलेले विनायक जनार्दन कीर्तने हे त्यांचे या काळातील सोबती. १८५६ च्या सुमारास पुढील शिक्षणासाठी रानडे मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय चौदा वर्षांचे होते. घरी मराठी आणि वर्गात इंग्रजी, अशी त्यांच्या आयुष्याची विभागणी येथून सुरू झाली.

भाषेच्या वादाची पूर्वपीठिका

रानडे मुंबईत आले तेव्हा शिक्षणाच्या भाषेचा वाद तेथे नुकताच शमला होता. मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळापासून देशी भाषांतून शिक्षण देण्याकडे कल होता. जॉर्ज जर्व्हिस आणि त्यांच्या शास्त्री-पंडितांनी गणितासारख्या विषयांवरील पुस्तके मराठीत तयार केली होती. सदाशिव काशिनाथ छत्रे, बाळशास्त्री जांभेकर यांच्या पाठ्यपुस्तकांवर एक पिढी वाढली होती. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्षपद १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी यांच्याकडे आले आणि वारे फिरले. उपलब्ध पैसा थोड्या विद्यार्थ्यांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यात खर्च करावा, असे पेरी यांचे मत होते. बोर्डातील जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहिम मक्बा या तिन्ही एतद्देशीय सभासदांनी त्यास विरोध केला. जर्व्हिस त्यांच्या बाजूस होते. मुलाला स्वतःच्या भाषेत विषय जितका कळतो तितका परक्या भाषेत कळत नाही, आणि मूठभर इंग्रजी जाणणाऱ्यांकडून ज्ञान आपोआप खाली झिरपत नाही, असा या बाजूचा मथितार्थ होता. ठाणे जिल्ह्यातील मुरबाडशी पूर्वापार संबंध असलेले शंकरशेट स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. त्यामुळे इंग्रजीच्या अज्ञानातून हा विरोध आला, असे म्हणण्याची सोय पेरी यांना नव्हती.

सरकारने १८५० मध्ये मध्यममार्ग काढला. खालच्या इयत्तांत देशी भाषा आणि वरच्या शिक्षणात इंग्रजी, अशी वाटणी झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हीच वाटणी सर्व हिंदुस्थानासाठी मान्य केली आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी विद्यापीठे स्थापन झाली. ही विद्यापीठे प्रारंभी स्वतः काही शिकवत नसत. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच त्यांचे काम होते. साहजिकच परीक्षेत जे विचारले जाई तेच शाळांत शिकवले जाऊ लागले. शिक्षणाच्या भाषेचा प्रश्न त्यामुळे परीक्षेच्या भाषेचा प्रश्न बनला.

इतर ठिकाणी काय झाले तेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या १८५७ च्या नियमांनुसार प्रवेश परीक्षेस बसणाऱ्या उमेदवारास इतिहास, भूगोल व गणित या विषयांची उत्तरे देशी भाषेत लिहिण्याची मुभा होती. विद्यार्थ्याचे इंग्रजी कच्चे असले तरी त्याचा भूगोल पक्का असू शकतो, हे त्या नियमाने मान्य केले होते. परंतु १८६० च्या दशकाच्या आरंभीच ही मुभा काढून घेण्यात आली आणि सर्व उत्तरे इंग्रजीतच लिहिण्याचे बंधन आले.

मॅट्रिक, बी.ए. आणि एम.ए.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. उमेदवारांपैकी फारच थोडे उत्तीर्ण झाले. त्यांत रानडे यांच्यासह रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. हेच चौघे १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. रानडे यांनी इतिहास व अर्थशास्त्र या विषयांत विशेष प्रावीण्य मिळवले. पुढे ते एम.ए. आणि १८६६ मध्ये एलएल.बी. झाले.

या यशाची किंमतही त्यांनी मोजली. वाचनाचा अतिरेक आणि अपुरा प्रकाश यांमुळे विद्यार्थिदशेतच त्यांची दृष्टी बिघडली आणि काही महिने डोळ्यांना पूर्ण विश्रांती द्यावी लागली. डोळ्यांची ही दुर्बलता त्यांना जन्मभर पुरली. उत्तरायुष्यात ते बरेचसे लेखन सांगून लिहवून घेत व वाचनही इतरांकडून करवून घेत.

एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा रानडे यांच्यावर लोभ होता. त्यांच्या उत्तरपत्रिकेने ग्रँट इतके प्रभावित झाले की ती त्यांनी नमुना म्हणून विलायतेस पाठवली, असे चरित्रकार सांगतात. याच ग्रँट यांच्याशी जोडलेली दुसरी हकीकतही तितकीच प्रसिद्ध आहे. एका निबंधात रानडे यांनी मराठेशाहीच्या कारभाराची तुलना इंग्रजी राजवटीशी केली आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. इंग्रजी भाषा आणि तिच्यातून मांडावयाचे मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शिक्षेनंतरही रानडे विसरले नाहीत. मराठ्यांच्या इतिहासाविषयीचे आपले मत त्यांनी चाळीस वर्षांनंतर पुस्तकरूपाने इंग्रजीतच मांडले.

देशी भाषांची गच्छंती

मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या वर्षांत मराठी, गुजराती यांसारख्या भाषांना परीक्षेत विषय म्हणून स्थान होते. म्हणजे रानडे आणि त्यांचे सहाध्यायी ज्या परीक्षा देऊन पुढे आले त्या परीक्षांत मातृभाषा अगदीच परकी नव्हती. १८६० च्या दशकात मात्र हे चित्र पालटले. ग्रँट १८६३ मध्ये कुलगुरू झाले व १८६५ मध्ये शिक्षण खात्याचे संचालक झाले. इंग्लंडातील विद्यापीठांत जे स्थान ग्रीक व लॅटिन यांना, ते येथे संस्कृत, अरबी, फार्सी आदी अभिजात भाषांना असावे, हा विचार या काळात प्रबळ झाला. मराठीत अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही, शब्दसंपत्ती तोकडी आहे आणि ती भाषा मुलास घरीच येते, अशी कारणे पुढे करण्यात आली. पदवी परीक्षांतून देशी भाषा वगळल्या गेल्या आणि त्यांच्या जागी अभिजात भाषा आल्या.

याचा परिणाम खालपर्यंत पोहोचला. पुढे संस्कृत लागणारच असेल तर मॅट्रिकलाही तेच घ्यावे, असा हिशेब विद्यार्थी व शिक्षक करू लागले. १८६६ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये सर्वोच्च गुण मिळवणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ती महाराष्ट्रात अत्यंत मानाची ठरली. देशी भाषेतील शिक्षणासाठी पेरी यांच्याशी भांडलेल्या माणसाचे नाव अशा रीतीने त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच संस्कृतच्या परीक्षेशी जोडले गेले.

या बदलाने संस्कृतच्या अध्ययनाला फार मोठे बळ मिळाले, यात शंका नाही. भांडारकरांसारखा जगन्मान्य पंडित त्याच वातावरणात घडला. परंतु मराठी शाळेतून आलेल्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला आता इंग्रजी शिकायची, संस्कृत शिकायचे आणि इतिहास-गणितही इंग्रजीतून लिहायचे, असा तिहेरी भार आला. त्याला जी भाषा खरोखर येत होती तिला मात्र गुण नव्हते.

भाषांतरकार आणि प्राध्यापक

१८६२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इंदुप्रकाश या इंग्रजी-मराठी पत्राच्या इंग्रजी विभागाचे संपादन रानडे यांनी काही काळ केले. मराठी विभाग विष्णुशास्त्री पंडित पाहत. एकाच अंकात दोन भाषा शेजारी शेजारी छापणाऱ्या या पत्रामुळे आपण इंग्रजीत जे लिहितो त्यातले किती मराठी वाचकापर्यंत पोहोचते याचा अनुभव त्यांना दर आठवड्यास येत असला पाहिजे.

१८६५ मध्ये ते विद्यापीठाचे फेलो झाले. १८६६ मध्ये त्यांनी शिक्षण खात्यात मराठी भाषांतरकार म्हणून हंगामी काम केले. नव्याने प्रसिद्ध होणाऱ्या मराठी पुस्तकांचे परीक्षण करणे हा या कामाचा भाग होता. मराठीत काय लिहिले जात आहे, कोणत्या विषयांवर मुळीच लिहिले जात नाही आणि लिहिणारे कोण आहेत, याची नेमकी माहिती त्यांना येथे मिळाली. मराठीत वाङ्मय नाही, या आक्षेपास पुढे त्यांनी जे उत्तर दिले त्याची सामग्री याच कामातून जमू लागली. त्यानंतर अक्कलकोट संस्थानात कारभारी व कोल्हापुरात न्यायाधीश अशी अल्पकालीन कामे करून १८६८ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी वाङ्मय व इतिहास यांचे अध्यापन करू लागले. कोल्हापूरच्या मराठी शाळेतून निघालेला मुलगा बारा वर्षांनी मुंबईच्या सर्वांत नामांकित कॉलेजात इंग्रजी शिकवू लागला होता. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांची अडचण त्याला समजावून घ्यावी लागली नाही.

पुण्यातील कार्य

१८७१ मध्ये रानडे यांची पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. गणेश वासुदेव जोशी यांनी स्थापन केलेल्या सार्वजनिक सभेचे ते वैचारिक सूत्रधार बनले. सभेच्या इंग्रजी त्रैमासिकातील अनेक लेख त्यांचे होते. सरकारला ऐकवायचे तर इंग्रजीतच लिहिले पाहिजे, हे ते जाणून होते. त्याच वेळी मराठीतून गंभीर विषयांवर बोलता येते हे दाखवण्याची व्यवस्थाही त्यांनी केली. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. अर्थशास्त्र, इतिहास, विज्ञान, राज्यकारभार असे विषय कॉलेजात न गेलेल्या श्रोत्यांसमोर मराठीत मांडले जाऊ लागले. विद्यापीठाच्या परीक्षेने ज्या भाषेला अपुरी ठरवले होते, तिच्या अंगी काय बळ आहे याची ही जाहीर चाचणीच होती.

१८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या आवाहनावरून पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा आरंभ याच सभेपासून मानला जातो. पुढे १८९४ मध्ये त्यांच्या प्रेरणेने डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटी ही मराठीत ग्रंथ आणवणारी संस्था स्थापन झाली.

या काळात सरकारी रोषही त्यांनी अनुभवला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास त्यांच्यावर संशय धरून त्यांना नाशिक व नंतर धुळे येथे हलवण्यात आले. संशय फिटल्यावर ते मुंबई-पुण्यास परत आले. १८८५ मध्ये ते मुंबई कायदे मंडळाचे सभासद झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये त्यांची उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून नेमणूक झाली.

रमाबाईंचे शिक्षण

पहिल्या पत्नी सखूबाई यांच्या निधनानंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहामुळे रानडे यांचा विवाह अकरा वर्षांच्या रमाबाई यांच्याशी झाला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने कुमारिकेशी लग्न केले म्हणून त्यांच्यावर कठोर टीका झाली आणि ती निराधार नव्हती. रमाबाई त्या वेळी निरक्षर होत्या. रानडे यांनी त्यांना मराठी अक्षरओळखीपासून शिकवण्यास लगेच सुरुवात केली आणि पुढे इंग्रजीही शिकवले.

हा भाग केवळ घरगुती नाही. मराठी नीट लिहिता-वाचता येऊ लागल्यावर इंग्रजी, असा क्रम रानडे यांनी येथे पाळला. एकत्र कुटुंबातील स्त्रियांना हे शिक्षण मुळीच पसंत नव्हते. इंग्रजी पुस्तक हाती धरणाऱ्या सुनेला टोमणे आणि अबोला सोसावा लागला. त्यांच्या प्रगतीचे मोजमाप करणारी कोणतीही परीक्षा नव्हती. पण पुण्यातील मुलींच्या हायस्कुलाच्या खटपटीत त्यांनी जाहीर सभेत इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले, तेव्हा ते साऱ्या शहराच्या चर्चेचा विषय झाले. हे हायस्कूल १८८४ मध्ये सुरू झाले आणि हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आले. स्वतः रमाबाईंनी मात्र आपली आठवण लिहिण्यासाठी मराठीच निवडली. आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. रानडे यांच्या जीवनाविषयीचे ते सर्वांत जिव्हाळ्याचे साधन आहे.

विद्यापीठातील प्रयत्न

फेलो व पुढे सिंडिकेटचे सभासद या नात्याने रानडे यांनी परीक्षांच्या दोन दोषांकडे विशेष लक्ष वेधले. पहिला दोष परीक्षांच्या ओझ्याचा. पदवीधर तरुण अकाली मरण पावतात, ही त्या काळातील सार्वत्रिक चिंता होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर बत्तिशी गाठण्याआधी गेले, गोपाळ गणेश आगरकर एकोणचाळिसाव्या वर्षी आणि तेलंग त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. रानडे यांनी हा विषय भावनेवर न सोडता पदवीधरांच्या मृत्यूंची माहिती गोळा करून विद्वानांपुढे ठेवली. परकी भाषा, अनेक विषय आणि एकाच वेळी सर्वांत उत्तीर्ण होण्याची सक्ती यांचा ताण त्यांना स्वतःच्या डोळ्यांवरून ठाऊक होता.

दुसरा दोष देशी भाषांच्या हकालपट्टीचा. या बाबतीत रानडे यांचा युक्तिवाद हिशेबी होता. मराठी ही आपली आई आहे, म्हणून तिला विद्यापीठात जागा द्या, असे भावनिक आवाहन त्यांनी केले नाही. मराठी ग्रंथनिर्मितीचा आढावा घेऊन त्यांनी दाखवले की, परीक्षेत मराठी असताना जे पदवीधर बाहेर पडले त्यांनी मराठीत लेखन केले. मराठी वगळली गेल्यानंतरच्या पिढ्यांतील पदवीधर त्या मानाने मराठीकडे फिरकले नाहीत. विद्यापीठाचे काम ज्ञान लोकांपर्यंत नेणारी माणसे तयार करणे हे असेल, तर त्या माणसांना लोकांच्या भाषेत नीट लिहिता आले पाहिजे, आणि परीक्षेत नसलेली गोष्ट विद्यार्थी शिकत नाहीत. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे त्यांचे इंग्रजी टिपण १८९८ मधील आहे. संतांपासून समकालीन लेखकांपर्यंतचा वाङ्मयाचा पसारा त्यात एकत्र मांडला असल्याने मराठीत अभ्यासण्यासारखे काही नाही हा जुना आक्षेप टिकणे कठीण झाले.

विरोध बलवान होता. मराठीस जागा दिली तर इंग्रजीचा दर्जा घसरेल, अशी भीती इंग्रज प्राध्यापकांप्रमाणेच अनेक सुशिक्षित हिंदी सभासदांनाही वाटत होती. इंग्रजीच्या जोरावर स्वतः वर आलेल्यांना ती शिडी कोणी हलवू नये असे वाटणे अस्वाभाविक नव्हते. संस्कृतच्या अभिमान्यांना आपल्या विषयाला स्पर्धक नको होता. शिवाय एका इलाख्यात मराठी, गुजराती, कन्नड, सिंधी अशा अनेक भाषा असताना प्रत्येकीसाठी परीक्षक व पुस्तके कोठून आणायची, हा व्यावहारिक प्रश्नही होताच. पहिल्या प्रयत्नांना यश आले नाही. रानडे यांनी आपल्या स्वभावानुसार मागणी सोडली नाही, पण ती आटोपशीर केली. सर्व परीक्षांत जागा मिळत नसेल तर किमान एम.ए. च्या परीक्षेत देशी भाषांचा पर्याय असावा, यावर त्यांनी भर दिला. १९०१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, मुंबई विद्यापीठाच्या एम.ए. परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला.

मर्यादा व टीका

रानडे यांनी मागितले ते मराठी हा विषय; मराठी हे माध्यम त्यांनी मागितले नाही. इतिहासाची किंवा गणिताची उत्तरे मराठीत लिहू द्यावीत, अशी चळवळ त्यांनी उभारली नाही. इंग्रजी हे उच्च शिक्षणाचे व राजकीय जागृतीचे साधन आहे, हे त्यांचे मत कायम होते. स्वतः त्यांचे बहुतेक महत्त्वाचे लेखन, १९०० मध्ये प्रसिद्ध झालेला मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ धरून, इंग्रजीत आहे. मराठीसाठी केलेला त्यांचा सर्वांत समर्थ युक्तिवादसुद्धा इंग्रजीत लिहिलेला आहे. कारण तो ज्यांना पटवायचा होता ते विद्यापीठाचे सभासद इंग्रजीतच विचार करीत.

शिवाय मिळालेले यश शिखरावरचे होते. एम.ए. पर्यंत पोहोचणारा विद्यार्थी इंग्रजीच्या सर्व चाळण्यांतून आधीच पार पडलेला असे. खरी गळती मॅट्रिकला आणि त्याखाली होत होती, तेथे या सुधारणेने काही बदलले नाही. ज्या मुलांना परीक्षेच्या खोलीपर्यंत पोहोचताच येत नव्हते त्यांचा प्रश्न तर त्याहून वेगळा होता. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शेतकरी व शूद्रातिशूद्रांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती आणि वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होणाऱ्या सरकारी खर्चावर कठोर टीका केली होती. १८८५ मधील ग्रंथकारांच्या सभेस येण्याचे रानडे यांचे निमंत्रणही फुले यांनी नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत आपल्या लोकांच्या दुःखाला जागा नाही त्यांच्या सभेत आपण काय करायचे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. मराठी भाषेचा आग्रह आणि मराठी बोलणाऱ्या सर्वांचा विचार या गोष्टी एकच नाहीत, हे फुले यांच्या नकाराने उघड केले. रानडे यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्या अभ्यासकांनीही ही मर्यादा मान्य केली आहे.

निधन

१९०० च्या अखेरीस रानडे यांची प्रकृती ढासळली. हृदयविकाराने १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

नंतरचा काळ

परीक्षेच्या माध्यमाचा प्रश्न पुढच्या पिढीने हाती घेतला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेतून शिक्षण व परीक्षा हे तत्त्व स्वीकारले आणि इंग्रजी हा आवश्यक विषय ठेवला. १९१८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूच्या बाबतीत हीच रचना केली. इंग्रजी यावी, पण ती न आल्यामुळे बाकीचे ज्ञान शून्य ठरू नये, असा या दोन्ही योजनांचा अर्थ होता. अमेरिकेतही पुढे हाच पेच निर्माण झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये निर्णय दिला की, न समजणाऱ्या भाषेत इतरांसारखेच वर्ग व पुस्तके देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. त्यानंतर इंग्रजी शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे भाषाज्ञान आणि विषयज्ञान वेगवेगळे मोजण्याचे प्रयत्न तेथील राज्यांना करावे लागले.

महाराष्ट्रात आज राज्य मंडळाची दहावीची परीक्षा मराठीबरोबरच उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड आदी माध्यमांतून देता येते. भिवंडीतील निजामपुऱ्यासारख्या यंत्रमागांच्या वस्तीत कोकणी मुसलमानांची जुनी घरे आणि उत्तरेकडून आलेल्या विणकरांची कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. तेथील उर्दू शाळेतला विद्यार्थी विज्ञान व गणिताची उत्तरे उर्दूत लिहून दहावी होतो आणि इंग्रजी व मराठी हे त्याचे स्वतंत्र विषय असतात. रानडे यांच्या वेळच्या मॅट्रिकच्या उमेदवारास ही सोय नव्हती. अकरावीत विज्ञान शाखा घेतली की मात्र अध्यापन व परीक्षा मुख्यतः इंग्रजीतून होते आणि दोन वर्षांत तेच विषय नव्या भाषेत लिहिण्याची तयारी करावी लागते. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतून आणि २०१८ पासून उर्दूतून देण्याची सोय झाली आहे. प्रवेश मिळाल्यानंतरची वैद्यकीय पाठ्यपुस्तके मात्र इंग्रजी असतात.